परके ठरविणारी नजर



भेदभाव म्हटले की आपल्याला कायदे, खटले आणि आंदोलने आठवतात. परंतु माणसाचा अपमान बहुधा न्यायालयात होत नाही. तो दुकानात, बसथांब्यावर, घरमालकाच्या दारात होतो. त्या रोजच्या भेदभावाविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम परदेशातील आपल्या लोकांचा अनुभव पाहू. भगतसिंग थिंड हे पंजाबातून अमेरिकेत गेलेले शीख तरुण. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकी सैन्यात होते. तेव्हा नागरिकत्व गोऱ्यांना मिळे. 'मी उच्चवर्णीय आर्य आहे, म्हणून गोऱ्यांतच मोडतो,' असा थिंड यांचा दावा होता. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. विद्वान काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीत हा मनुष्य गोरा नव्हे, असा निकालाचा आशय होता. त्यानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. थिंड यांनी 'भिंत पाडा' असे म्हटले नव्हते; 'मला भिंतीच्या आत घ्या' असे म्हटले होते. ती भिंत त्यांच्याच अंगावर कोसळली.

१९४६ मध्ये कायदा बदलला आणि भारतीयांना नागरिकत्वाची वाट खुली झाली. नजर मात्र बदलली नाही. १९८७ साली न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत भारतीयांना पळवून लावण्याच्या धमक्या देणारी टोळी निघाली. तिने आपले नाव घेतले होते आपल्या भगिनींच्या कपाळावरील टिकलीवरून! त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये तरुणांच्या टोळक्याने नवरोज मोदी या भारतीयाला मारहाण केली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते पारशी होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा गावी बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. दाढी आणि पगडी पाहून मारेकऱ्याने त्यांना शत्रू ठरविले होते.

'बिचारे शीख होते, ओळखण्यात चूक झाली,' असे आपण सहज म्हणून जातो. क्षणभर थांबा. ते मुसलमान असते, तर ती हत्या योग्य ठरली असती काय? चूक ओळखण्यात नव्हती. रंग आणि वेष पाहून माणसाचा न्याय करण्यात होती.

आता आपल्या घराकडे वळू. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याची दिल्लीच्या लाजपतनगरात दिसण्यावरून चेष्टा झाली, मारहाण झाली आणि त्यात त्याचा प्राण गेला. त्यापूर्वी ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या भीतीने ईशान्य भारतातील हजारो तरुण बंगळुरूहून गाड्या भरभरून परतले. पुण्यातूनही अनेक जण निघून गेले. ज्यांच्या भूमीला आपण भारतमातेचे अंग म्हणतो, त्यांच्याच मुलांना 'तुम्ही चीनचे का?' असे विचारणारे कोण? आपणच ना? विवाहाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द घालणारे, भाडेकरूचे आडनाव ऐकताच 'जागा गेली' म्हणणारे तरी दुसरे कोण?

राज्यघटनेचे १५ वे कलम धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई करते. परंतु कायदा फार तर उंबरठ्यापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत संस्कारांचे राज्य असते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या वस्तीत ईशान्येकडील विद्यार्थी राहत असतील, तर यंदाच्या दिवाळीला त्यांना फराळास बोलवा. सोसायटीच्या बैठकीत 'अमक्यांना जागा नको' असा अलिखित ठराव होऊ लागला, तर तेथे उठून उभे राहा. मग तो 'अमका' कोणत्याही धर्माचा असो. उद्या परदेशी गेलेल्या आपल्या मुलासाठी तेथील एखादा शेजारी असाच उभा राहावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला त्यातूनच मिळणार आहे.