बंद केलं का?

पावसाळा लागला की पुण्यातला माणूस रोज विचारतो, "पानशेत किती भरलं?" 12 जुलै 1961 ला धरण फुटलं, तेव्हापासून या चौकशीला धास्तीचीही किनार आहे. पण आकडा कळला की तो छत्री घेऊन कामाला लागतो. काही माणसांना मात्र उत्तर मिळूनही पुरत नाही. आज त्यांच्याबद्दल बोलायचंय.

समजा, पानशेतजवळच्या एखाद्या वाडीतली वहिनी. रात्री गॅस बंद करते, अंथरुणाला पाठ टेकते आणि पुन्हा उठते. बटण हाताला बंद लागतं, डोळ्यांना बंद दिसतं, पण मनाला पटत नाही. सातव्या खेपेला तिचं तिलाच हसू येतं, रडूही येतं. घरचे म्हणतात, "हिला मंत्रचळ लागलाय." मंत्र म्हणताना चुकलं की माणूस भ्रमिष्ट होतो, ही जुनी समजूत त्या शब्दात दडलेली आहे. डॉक्टर ओसीडी म्हणतात. कुणाचं हात धुणं थांबत नाही. कुणाच्या मनात देवापुढे हात जोडताच शिवी येते, आणि तो ती वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाही. हा स्वच्छतेचा सोस नव्हे, संशयाचा आजार आहे.

नवरा बिचारा समजावतो, "अगं, बंद आहे, मी बघितलं." घटकाभर बरं वाटतं. घोळ इथेच आहे. धीर मिळाला की संशय आणखी धीर मागायला परत येतो. 1966 साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी उलटी वाट धरली. ज्याची धास्ती, त्यालाच हात लावायचा आणि नंतर धुवायचं नाही. घबराट चढते आणि काही न करता हळूहळू उतरते. एका दिवसात नव्हे, सरावाने. 1992 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं काढली. गोळ्यांनी सुधारलेल्यांच्या मेंदूत, कॉडेट नावाच्या खोलवरच्या भागात, जो फरक दिसला, तसाच नुसत्या सरावाने सुधारलेल्यांतही दिसला. मला तर हे अजून नवलाचं वाटतं.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत या आजाराचं खास क्लिनिक आहे. पण वहिनी तिथवर कशी जाणार? तिने सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावावा, 14416. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगतो, 14416. दोनदा सांगणं ही रेडिओची रीत, तिला मंत्रचळ म्हणू नका.