तारीख नसलेलं काम

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस बोलणार म्हणजे आकडे येणारच, तेव्हा ज्यांना मसालेभाताचा वास आला आहे त्यांनी घड्याळाकडे पाहिलं तरी मी मनावर घेणार नाही.

'सोसायटीचं एक वर्ष' असा विषय मला दिला आहे. बहुतेकांच्या मनात सोसायटीचं वर्ष म्हणजे गणपती, भोंडल्याची खिरापत, कोजागिरीचं दूध, पार्किंगच्या कोपऱ्यातला पोरांचा किल्ला आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. ते आहेच, आणि ते फार छान होतं. विशेषतः किल्ला. गेल्या दिवाळीत मुलांनी माची, बुरूज, हळिवाची शेती असं सगळं इतकं नेटकं केलं होतं की चार दिवस कोणी तिथे गाडी लावली नाही. एरवी त्या जागेवरून किती भांडणं होतात हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पण कमिटीचं वर्ष सुरू होतं १ एप्रिलला. हिशेब बंद करायचे, पावत्या जुळवायच्या, ऑडिटरच्या मागे लागायचं. लेखापरीक्षण ३१ जुलैच्या आत व्हायला हवं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी. मे महिन्यात पाण्याच्या टाक्या धुवायच्या, गच्चीच्या भेगा भरायच्या, पावसाळी पाइपांच्या जाळ्या साफ करायच्या. त्याच महिन्यात मिळकतकर लवकर भरला की सूट मिळते. तो ज्याचा त्याने भरायचा असतो, पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी चार-पाच जण मोबाईल घेऊन माझ्या दारात उभे असतात, "काका, तेवढं भरून द्या." देतो. त्या निमित्ताने चहा होतो.

आणि पाणी! पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार हा दत्ताचा वार म्हणून आठवण्याआधी पाणी बंदचा वार म्हणून आठवतो. 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल' हे वाक्य आपल्या नोटीस बोर्डावर इतक्या वेळा लागलं आहे की वॉचमनला ते पाठ आहे. खडकवासल्यात पाणी असो वा नसो, टँकर कधी मागवायचा, रात्री दोनला पंप कोण चालू करणार, हे ठरवणं म्हणजे कमिटीचा उन्हाळा.

आता थकबाकी. हा माझा आवडता विषय, म्हणजे धंद्याचाच. बँकेत ९० दिवसांच्या वर हप्ता थकला की खातं एनपीए होतं. मॅनेजरची झोप उडते. सोसायटीत दोन वर्षं देखभाल खर्च थकला तरी सभासद गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा! उपविधीप्रमाणे थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. आपण ते लावतो म्हणून काही मंडळी मला सावकार म्हणतात. म्हणोत. लिफ्टच्या देखभालीचं बिल आणि वॉचमनचा पगार टाळ वाजवून देता येत नाही. गेली सहा वर्षं आपली थकबाकी तीन घरांच्या वर गेलेली नाही आणि सिंकिंग फंडाला आपण रंगकामासाठीसुद्धा हात लावलेला नाही. त्या निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल घ्यावा लागतो. रक्कम इतकी छोटी असते की कोणाचं लक्ष जात नाही; म्हणूनच तो साठतो.

वार्षिक सभेविषयी काय सांगू? सभा सहाला. सहा वाजता खुर्च्या मांडणारे दोघं आणि मी. साडेसहाला कोरमअभावी सभा तहकूब, आणि पुन्हा त्याच ठिकाणी तहकूब सभा सुरू. तिला कोरम लागत नाही, ही सहकार कायद्याने पुणेकरांवर केलेली मोठी कृपा आहे. मग कबुतरं, कुत्रे, ओला कचरा-सुका कचरा. 'स्वच्छ'च्या ताई रोज दारात येतात, त्यांच्या हातात एकत्र कालवलेली पिशवी देणाऱ्या घरांवर मी इथे काही बोलत नाही, कारण कार्यक्रम आनंदाचा आहे.

तर ही सगळी कामं होतात. कुरकुर होते, भांडण होतं, पण होतात. का होतात? कारण त्यांना तारीख आहे. ऑडिटला तारीख, सभेला तारीख, गणपतीला तर पंचांगातच तारीख. एका कामाला मात्र तारीख उरलेली नाही, आणि ते पंचवीस वर्षं झालेलं नाही. ते म्हणजे आपल्या जमिनीचं कन्व्हेयन्स.

थोडं समजावून सांगतो, कारण निम्म्या घरांत आता दुसरी पिढी आहे. आपण प्रत्येकाने फ्लॅट घेतला, त्याचा करारनामा नोंदवला. पण इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची जबाबदारी बिल्डरची असते. १९६३ च्या मोफा कायद्यात ती आहे, आणि करारात वेगळी मुदत नसेल तर नियमाप्रमाणे सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत ती पार पाडायची असते. आपली नोंदणी ऑगस्ट १९९९ ची. म्हणजे तारीख होती: डिसेंबर १९९९. ती त्यांनी पाळली नाही. मग पत्रं गेली, फोन झाले, 'साहेब बाहेरगावी आहेत' झालं. आता ती फर्मच बंद आहे. आपण या वर्षी पाठवलेली रजिस्टर्ड नोटीस 'पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आली. तो लखोटा मी न फोडता फाइलला लावला आहे, कारण तोही पुरावा आहे.

"काका, पंचवीस वर्षं काही अडलं का?" असं मला जिन्यात विचारतात. अडलं नाही, खरं आहे. पण सातबारा काढून पाहिला. सोसायटी झाली तेव्हा त्यावर मूळ मालकांची पाच नावं होती. त्यातले तिघं गेले, वारसनोंदी झाल्या, आज अकरा नावं आहेत. त्यातली काही मुलं अशी असतील ज्यांनी ही इमारत पाहिलेलीसुद्धा नाही. आणखी दहा वर्षांनी किती नावं होतील याचं गणित तुम्हीच करा. दुसरं, इमारतीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपलं झालं, इमारत धडधाकट आहे. पण ती कधीतरी म्हातारी होणार, माझ्यासारखी. त्या दिवशी पुनर्विकासाचा कागद पुढे आला की पहिला प्रश्न असेल, जमीन कोणाची? वाढीव एफएसआय कोणाच्या हक्काचा? तेव्हा 'आम्ही पंचवीस वर्षं इथे राहतो' हे उत्तर चालत नाही. कर्जाचे कागद तपासण्यात माझं आयुष्य गेलं. समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी आम्ही नाव कुठे आहे तेच बघायचो.

यावर उपाय आहे. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आलं. शब्द ऐकूनच माणूस पळतो, पण अर्थ सोपा आहे. बिल्डर आला नाही तरी जिल्हा उपनिबंधक सुनावणी घेतात आणि सोसायटीच्या बाजूने आदेश देतात. अर्जाला दोन हजार रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. निर्णय कायद्याने सहा महिन्यांत व्हायचा असतो; प्रत्यक्षात किती लागतात ते पाहू. आपल्या सर्वसाधारण सभेने ठराव केलेला आहे. नोंदणी दाखला, सातबारा, मंजूर नकाशा, सगळं फाइलमध्ये आहे. अडलंय एका कागदाशी. सभासदांच्या यादीसोबत प्रत्येक सदनिकेचा इंडेक्स टू लागतो. चाळीसपैकी एकोणतीस आले आहेत.

उरलेल्या अकरांची कारणं मी ऐकली आहेत. कोणाचे मूळ कागद कर्जामुळे बँकेत आहेत, कोणाचे लॉकरमध्ये, कोणाच्या मुलाकडे न्यू जर्सीत. एका घरात वडील गेले आणि भावाभावांत ठरत नाही. त्यांना एवढंच सांगतो, इंडेक्स टू दिल्याने कोणाचा हिस्सा कमी-जास्त होत नाही. बी विंगमधल्या एका आजींकडे आम्ही तीन दुपारी बसलो. "हे सगळं ह्यांनाच माहीत होतं हो," एवढंच त्या म्हणत होत्या. लोखंडी ट्रंकेत लग्नाच्या निमंत्रण पत्रिका, मुलांची प्रगतिपुस्तकं, १९९८ ची विजेची बिलं, आणि तळाशी गुलाबी दोऱ्याने बांधलेला करारनामा. ह्यांनी कोपऱ्यावर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, 'कन्व्हेयन्स बाकी.' आजींनी तो कागद माझ्या हातात दिला आणि परत मागून घेतला, पुन्हा एकदा वाचला, मग दिला.

ज्यांचे कागद सापडतच नाहीत त्यांनीही घाबरू नये. दस्त क्रमांक आणि वर्ष कळलं तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही शोध घेता येतो. इथे मला मदत हवी आहे ती तरुणांची. माझे डोळे आता त्या स्क्रीनवरच्या कॅप्चाला हार जातात. आयटीतली दोन मुलं रविवारी सकाळी दोन तास बसली तर आठवड्यांचं काम उरकेल. भाडेकरू असलात तरी चालेल, पोहे माझ्याकडून.

आणि एक, आपण आता या कामालाही तारीख लावू. येत्या महिन्याची ३० तारीख. सोसायटीचं ऑफिस मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं. झेरॉक्सचा खर्च सोसायटी करेल. अकरा घरांची यादी माझ्या खिशात आहे. आज वाचून दाखवत नाही, पाहुणे आले आहेत. पण जेवणाच्या रांगेत मी उभाच आहे, भेटू.