शंभराची नोट

(महिला मंडळाच्या पालक मेळाव्यातील भाषण)



मी बालवाडीत बरीच वर्षे शिकवले, म्हणून 'लहान मुलांचे शिक्षण' हा विषय माझ्याकडे आला. पण आज सांगते ते सुभाष रोडवरच्या एका खरेदीचे.

आपल्या वॉचमनमामांची नात सगळ्यांना ठाऊक आहे. दसरा झाला की तिचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर जातात. बीड जिल्ह्याला हे काही नवीन नाही. एरवी पोर इथे आजीजवळ राहायची. गेल्या वर्षी आजी आजारी पडली, म्हणून तिलाही न्यायचे ठरले. माझा साडेपाच वर्षांचा नातू म्हणाला, "मी तिला गिफ्ट देणार."

१०० रुपयांची नोट त्याच्या खिशात ठेवली आणि ठरवले, आपण मधे बोलायचे नाही. (फार अवघड असते हो!) पहिल्याच दुकानात त्याला लाल मोटार आवडली. "ही कुणाला?" एवढेच मी विचारले. बराच वेळ ती हातात धरून उभा राहिला, मग गुपचूप जागेवर ठेवली. शेवटी मलाच राहवेना. काचेच्या कपबश्यांचा खेळ पुढे केला, तर म्हणतो, "ट्रकमध्ये फुटेल ना!" हे मला सुचलेच नव्हते.

मग त्याने विचारले, "तिथे लाईट असते का?" कोपीत कुठली लाईट! झाले, बॅटरी घ्यायची ठरली. चार्जिंगची नको हे त्याचे त्यालाच कळले. सेलवरची ७० रुपयांना, वर दोन सेल ४० चे. बोटे संपली, दुकानदाराने कागदावर रेघा ओढून दिल्या. १० कमी पडत होते. मी पर्सला हात घातला आणि तसाच मागे घेतला. त्याने लहान बॅटरी मागितली, ५० ची. उरलेल्या १० चा चकचकीत कागद.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली ती मुलांच्या भोवतालच्या वस्तू घेऊनच. मी हे ट्रेनिंगमध्ये पाठ केले होते. त्या दुकानात पाऊण तास उभी राहिले तेव्हा पटले.

पाडव्याच्या सुमारास पोर परत आली. याने आधी विचारले, "सेल किती दिवस पुरले?" ती म्हणाली, "थोडेच." शाळेचे विचारले, तर नुसती मान हलवली. एवढे महिने पाटीला हात लागला नव्हता. तेव्हापासून हा खाऊच्या पैशातून सेल साठवतो आहे. डब्यात सहा झालेत.

दसरा जवळ आला आहे. पोरीला यंदा इथेच ठेवायचे तर आजीच्याने एकटीने होणार नाही. संध्याकाळचे जेवण आणि अभ्यास आमच्या घरी. सकाळी डबा आणि शाळेत सोडणे, यासाठी अजून दोन घरे हवीत. कार्यक्रम संपल्यावर मी दारापाशी थांबते. नावे द्या, म्हणजे मामांशी आजच बोलता येईल.