बसचे तिकीट आणि राज्याचा प्रश्न

(गिरणगावातील सभेत केलेले भाषण)



संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावर बस, ट्राम आणि लोकलचे काय काम, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, इथेच तर त्यांचे खरे काम आहे! राज्य कोणाचे, हे मंत्र्यांच्या भाषणावरून कळत नाही. पहाटे बसच्या थांब्यावर उभे राहिले की कळते. गाडी वेळेवर येते का? तिच्यावरची पाटी आपल्याला वाचता येते का? तिकिटाचा दर कोणी ठरवला? आणि कामापासून आपले घर किती लांब नेऊन टाकले? या चार प्रश्नांची उत्तरे घ्या, राज्याचा हिशेब आपोआप लागतो.

जरा मागे जाऊ. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली, ती घोड्यांनी ओढलेली. १९०७ साली विजेची ट्राम आली आणि १५ जुलै १९२६ रोजी बस आली. ही सारी कंपनीची मालमत्ता. कंपनी म्हणजे नफा. तिथे तुमचे-आमचे गाऱ्हाणे ऐकतो कोण? पण ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. गाडी शहराच्या मालकीची झाली. गाडी आली नाही तर जाब कोणाला विचारायचा, ते माणूस आता ठाऊक झाले. त्याला आपणच मत दिलेले असे.

तुमचे आजे-वडील फारसे ट्रामने जात नसत, हे आम्हांला माहीत आहे. भोंगा ऐकू येईल एवढ्या टप्प्यात चाळ असायची. गिरणीत जायचे ते पायी. ट्राम असायची ती सुटीच्या दिवशी, पोराबाळांना घेऊन फिरायला जाण्यासाठी. ती लालबाग-परळवरून दादरला जाई. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली. तरी 'दादर टी. टी.' हे नाव लोकांच्या तोंडातून गेले नाही. टी. टी. म्हणजे ट्रामचे शेवटचे ठाणे, हे आजच्या पोराला सांगावे लागते, इतकेच!

आता मुद्द्यावर येतो. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि महाराष्ट्राच्या मागणीवर पाणी पडले. पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे जाहीर केले. मुंबई मराठी माणसाला न देण्याचे कारण काय, तर म्हणे ती भांडवलाने उभी राहिली! अहो, भांडवल साच्यावर उभे राहते का? भांडवल रातपाळी करते का? भांडवल ट्रामचा दांडा फिरवते का? शहर कोणी उभे केले, हे पाहायचे असेल तर ते एक दिवस बंद पडले की बघावे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगारांनी तेच दाखवले. गिरण्या थांबल्या आणि गिरणगावातून माणसांचे लोंढे फ्लोरा फाउंटनकडे निघाले. तेव्हा विधिमंडळ रीगलजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. मोर्चा तिथवर पोहोचू दिला नाही. गोळीबार झाला, पंधरा माणसे पडली. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या. लढा संपेपर्यंत हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली.

हा लढा गुजराती कामगाराविरुद्ध नव्हता, हे ध्यानात ठेवा. लढा होता तो निर्णय कोणी घ्यायचा यासाठी. इथे राबणाऱ्यांनी, की दिल्लीत बसणाऱ्यांनी? म्हणूनच १९५७ साली लोकांनी समितीच्या पेट्या मतांनी भरल्या, आणि १९५८ साली कामगार चळवळीतले कॉम्रेड एस. एस. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. ज्यांना इंग्रजांनी मीरत खटल्यात तुरुंगात घातले, ते महापालिकेच्या सर्वोच्च खुर्चीवर बसले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून नुकताच उतरलेला माणूस बसवरचा मराठी आकडा वाचून, कोणाला न विचारता, आपल्या माणसांपर्यंत पोहोचू लागला. पाटीवरची भाषा ही सुशिक्षितांची चैन नाही, बरे का! ती गरिबाची वाट आहे.

हे मिळवले. मग गमावले काय?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांना आत परत जाता आले नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण जमीन जागीच राहिली, आणि तिचे मोल सोन्याहून चढले. १९९१ च्या नियमात त्या जमिनीचे तीन वाटे होते : एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि कामगाराचा वाटा आटला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. हा नियम दिल्लीने केला नव्हता. आपण रक्त सांडून मिळवलेल्या आपल्याच राज्याने केला! हे बोलायला जड जाते, पण ते बोललेच पाहिजे.

घरासाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. २०२४ साली सरकारने घरे दाखवली ती कुठे? शेलू आणि वांगणीला! बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर. तिथून लोकलने मुंबई गाठायची म्हणजे एका बाजूचे दोन तास गाडीतच गेले. ज्याचा बाप भोंगा ऐकून पायी कामावर जात होता, त्याच्या पोराने दिवसाचे चार तास दांड्याला लोंबकळायचे! ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर जमून गिरणी कामगारांनी 'घर मुंबईतच द्या' असे सांगितले. आम्ही म्हणतो, ही मागणी नुसती छपराची नाही. ती वेळेची आहे, झोपेची आहे, आयुष्याची आहे.

आता बसकडे वळा. एके काळी बेस्टकडे चार हजारांवर बसगाड्या होत्या. विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरली जाई. ती वाट बंद झाली. मग भाड्याच्या गाड्या आल्या, कंत्राटी चालक आले, आणि स्वतःच्या गाड्या मूठभर उरल्या. ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाच रुपयांचे दहा झाले. पहिल्या ट्रामचीही तारीख तीच, ९ मे! तोटा होता, हे आम्ही नाकारत नाही. आमचा सवाल निराळा आहे. हे भाडे दुप्पट झाले, तेव्हा महापालिकेत तुम्ही निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. १९४७ साली गाडी कंपनीकडून काढून घेतली ती जाब विचारता यावा म्हणून. २०२५ साली भाडे वाढले, आणि जाब विचारायला सभागृहात माणूसच नाही! मग मालकी शहराची राहिली कुठे?

सीमेकडेही नजर टाका. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेर राहिले. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिकडे वातावरण तापले की पहिली थांबते ती एस. टी., आणि काळे फासले जाते ते गाडीला नाहीतर तिच्या चालकाला. चालक कानडी असो वा मराठी, तो कामगार आहे. त्याच्या अंगावर हात टाकून सीमाप्रश्न सुटत नाही. आपली गाडी अडवणारा तो नव्हे.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते. वरळीजवळच्या एका स्टेशनाला आचार्य अत्रे चौकाचे नाव आहे. पुढे 'हुतात्मा चौक' आहे, आणि तिथून दोन स्टेशने गेले की 'विधान भवन'. १९५५ साली कामगाराला विधिमंडळाच्या दारापर्यंत जाऊ दिले नाही. आज तिकीट काढले की काही मिनिटांत माणूस तिथे पोहोचतो. पण त्याचे गाऱ्हाणे पोहोचते का?

ते पोहोचवणे आपल्या हाती आहे. घर मुंबईत मागा. गाडी शहराच्या मालकीची मागा. पाटी मराठीत मागा. आणि भाडे ठरवणारा माणूस तुमच्या मताने निवडलेला असला पाहिजे, हे मतपेटीवर बजावून सांगा. हुतात्म्यांनी राज्य मिळवून दिले. ते चालवायचे आपल्याला आहे.

जय महाराष्ट्र!