जागे राहण्याची परीक्षा : पूर्वतयारी रुग्णाची आणि आपलीही
(वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालय प्रशासनातर्फे केलेले भाषण)





रुग्णाला शांत झोप लागावी म्हणून रुग्णालयात सारे झटत असतात. आमच्या निद्राविकार विभागात मात्र एक तपासणी अशी होते, की जिच्यात रुग्णाने झोपायचेच नसते. दिवसा जागे राहण्याची क्षमता मोजणारी ही चाचणी 'एमडब्ल्यूटी' या नावाने ओळखली जाते. ताळेबंदात तिचा खर्च एका ओळीत मावतो. परंतु त्या ओळीमागे अनेकदा एखाद्या कुटुंबाची भाकरी असते. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारावर उपचार घेणारा वाहनचालक आता दिवसभर जागा राहू शकतो का, हे डॉक्टरांना ठरवावयाचे असते. त्यावर त्याची नोकरी अवलंबून असते आणि रस्त्यावरील इतरांचे प्राणही.

या चाचणीच्या चार फेऱ्या असतात. प्रत्येक फेरी जास्तीत जास्त ४० मिनिटांची आणि दोन फेऱ्यांच्या आरंभांत दोन तासांचे अंतर. मंद प्रकाशाच्या शांत खोलीत रुग्ण पलंगावर टेकून बसतो. डोके, डोळ्यांच्या कडा आणि हनुवटी येथे तारा लावलेल्या असतात. समोर पाहावे आणि शक्य तितका वेळ जागे राहावे, एवढेच त्याला सांगितले जाते. गाणे गुणगुणणे, स्वतःला चापट मारणे असे उपाय चालत नाहीत. चारही फेऱ्यांत ४० मिनिटे जागे राहणे ही उत्तम स्थिती. झोप लागण्याचा सरासरी वेळ आठ मिनिटांहून कमी असल्यास तो निश्चितपणे चिंतेचा विषय. मधल्या आकड्यांचा अर्थ रुग्णाची सर्व हकीकत पाहूनच डॉक्टर लावतात.

येथे आमची एक चूक प्रांजळपणे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी दूरच्या तालुक्यातून एक मालट्रकचालक या चाचणीसाठी आले. आमच्या पत्रात केवळ तारीख व वेळ होती. 'उपाशीपोटी यावे' ही ओळ रक्ततपासणीच्या नमुन्यातून तशीच उतरली होती. ते रात्रभर एस.टी.त बसून, उपाशीपोटी, पहाटे दाराशी आले. पहिल्याच फेरीत त्यांचा डोळा लागला. रात्रीची हकीकत कळताच डॉक्टरांनी ती चाचणी ग्राह्य धरली नाही. त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं, तर आम्ही आदल्या दिवशीच आलो असतो." आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जमाखर्चातील चूक आम्हांस चटकन दिसते. ही चूक मात्र त्या माउलीने दाखवून दिली. फेरतपासणीचा खर्च अर्थातच संस्थेने सोसला.

त्यानंतर आम्ही सोप्या मराठीत एक पानाचे सूचनापत्र तयार केले. दोन दिवस आधी दूरध्वनी करण्याची पद्धत घातली. दूरच्या रुग्णासाठी आदल्या रात्री मुक्कामाची सोय केली. ही सोय आपल्या देणग्यांतूनच उभी राहिली आहे.

नातेवाइकांना आमची विनंती अशी. आधीचे दोन आठवडे रुग्णाच्या झोपेच्या व उठण्याच्या वेळा वहीत लिहून ठेवा. आदल्या रात्री जागरण, प्रवास किंवा रात्रपाळी नको. श्वासासाठी 'सीपॅप' यंत्र वापरत असल्यास डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे ते त्या रात्रीही लावावे. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये, वाढवू नये. चहा, कॉफी व तंबाखूविषयी आधीच डॉक्टरांना विचारावे. पहिल्या फेरीच्या किमान एक तास आधी हलकी न्याहारी जरूर करावी. फेऱ्यांच्या मधल्या वेळेत डुलकी घेऊ देऊ नये. वाचावयास काही आणावे आणि परत जाताना वाहन रुग्णाच्या हाती देऊ नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. नोकरी जाईल या भीतीने काही जण रुग्णाला लपूनछपून जागरणाच्या गोळ्या देतात. ही माया समजण्याजोगी आहे, पण ती घातक आहे. गोळीच्या बळावर खोलीत जागा राहिलेला माणूस घाटात जागा राहीलच असे नाही.

ते मालट्रकचालक दुसऱ्या खेपेस आदल्या दिवशी आले, रात्री नीट झोपले, सकाळी पोहे खाऊन चाचणीस बसले. निकाल काय लागला हा त्यांचा आणि डॉक्टरांचा खाजगी विषय आहे. तो निकाल खरा होता, एवढे आम्ही निश्चित सांगू शकतो. आपण दिलेल्या प्रत्येक रुपयातून असाच खरा निकाल रुग्णाच्या हाती पडावा, ही आमची जबाबदारी आहे. ती पार पाडण्यासाठी आपला लोभ असाच राहू द्यावा, ही नम्र प्रार्थना.