नक्षीची मालकी

घुग्घुसच्या खाणींतला कोळसा एकदां भट्टींत पडला कीं संपला. तो पुन्हां दुसऱ्या कोणास जाळतां येत नाहीं. त्याच चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीडच्या हातमागांवर विणल्या जाणाऱ्या करवती कांठाची गोष्ट अगदीं निराळी आहे. ती नक्षी दहा विणकरांनीं उचलली, तरी पहिल्याच्या कांठाचा एक दांतही झिजत नाहीं. मग जी वस्तु घेतल्यानें कमी होत नाहीं, तिच्यावर कायद्यानें मालकी कां सांगावी?

ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढलेल्या कोशांपासून टसराचें सूत निघतें. कांठाचा बाणा एका धोट्यानें व अंगाचा दुसऱ्या धोट्यानें टाकून, दोन्ही बाणे एकमेकांत गुंतविले म्हणजे करवतीचे दांत उमटतात. ही विद्या बापाकडून मुलाकडे आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे आली. पहिल्या विणकरानें ती आपल्याच घरांत कोंडली असती, तर ती त्याच्याबरोबरच लयास गेली असती. अनुकरण ही कारागिराची पहिली शाळा होय.

परंतु या नाण्याला दुसरीही बाजू आहे. एखाद्यानें महिनोन् महिने खपून नवा कांठ रचावा, आणि आठ दिवसांत यंत्रमागानें त्याची नक्कल स्वस्तांत विकावी, असें होऊं लागलें तर पुन्हां नवें रचण्याची उमेद कोणास राहील?

यासाठीं कायद्यानें मधला मार्ग काढला आहे. चित्रकाराच्या चित्राला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें त्याच्या हयातीपुरतें आणि मृत्यूनंतर ६० वर्षें संरक्षण आहे. मालावर उतरविण्याच्या नक्षीला मात्र २००० च्या डिझाइन कायद्याखालीं नोंद केल्यावर १० वर्षें, व मुदत वाढविल्यास आणखी ५ वर्षें मिळतात. नक्षी नवी हवी आणि अर्जापूर्वीं ती प्रकट झालेली नसावी. नोंदण्याजोगी नक्षी नोंदली नाहीं आणि औद्योगिक प्रक्रियेनें तिच्या ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर तिचा कॉपीराइटही संपतो. जो आधीं बाजारांत जातो आणि मागाहून कचेरींत, त्याला दार बंद झालेलें आढळतें.

जुन्या नक्षीला नवेपणाची ही अट पाळतां येत नाहीं. तिच्यासाठीं १९९९ चा भौगोलिक निर्देशन कायदा आहे, आणि करवती कांठाच्या साड्यांना त्याखालीं नोंद लाभली आहे. पण तो नांव राखतो, आकार राखीत नाहीं. कोल्हापुरी चपलेला ही नोंद २०१९ मध्यें मिळाली. तरीही जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या पेढीनें तशाच चपला कोल्हापूरचें नांव न घेतां मांडल्या. लोकांनीं गहजब केला, तेव्हां पेढीनें उगम मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयांत गेलेली याचिका मात्र जुलैमध्यें फेटाळली गेली. नोंदणीचे धनी न्यायालयांत आलेले नव्हते.

यावरून इतकें दिसतें कीं, जुनी नक्षी सर्वांची राहावी, पण तिचें नांव व गांव कोणीं पुसूं नये. नवी नक्षी थोडीं वर्षें रचणाऱ्याची असावी, आणि मग तीही सर्वांची व्हावी. अर्ज, आकृती व शुल्क यांचा व्याप एकट्या विणकरास पेलत नाहीं; तो विणकरांच्या सहकारी संस्थांनीं उचलला, आणि तोही नवा कांठ बाजारांत जाण्यापूर्वीं, तरच हा कायदा मागापर्यंत पोहोंचेल.