एपिक्यूरसची बाग

एपिक्यूरसचे नाव आज चैनीशी जोडले जाते. हा त्याच्यावरील अन्याय होय. इ. स. पूर्व ३४१ मध्ये सॅमॉस बेटावर जन्मलेला हा तत्त्वज्ञ पुढे अथेन्सच्या एका बागेत शिष्यांसह राहिला. भाकरी आणि पाणी एवढ्यावर तो संतुष्ट असे. त्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता.

विश्व अणूंचे बनले आहे, देव माणसांच्या व्यवहारात ढवळाढवळ करीत नाहीत आणि मरणानंतर जाणीवच उरत नाही. मग भय कशाचे, असा त्याचा सवाल होता. भयमुक्त मनालाच तो सुखी मानी. अणू आपल्या मार्गावरून किंचित ढळतात, या त्याच्या कल्पनेत तरुण मार्क्सला स्वातंत्र्याचे बीज दिसले. १८४१ च्या मार्क्सच्या प्रबंधाचा विषय डेमॉक्रिटस आणि एपिक्यूरस यांच्या निसर्गविचारांतील भेद हाच होता.

परंतु राजकारणापासून दूर राहा, असेही एपिक्यूरस सांगे. इ. स. पूर्व २७० च्या सुमारास तो वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्राने त्याचे काही गुलाम मुक्त झाले. अथेन्समधील गुलामगिरी मात्र तशीच राहिली. निर्भय मन हा परिवर्तनाचा प्रारंभ खरा. पण बागेचे कुंपण ओलांडल्यावाचून परिवर्तन घडत नाही.